खाल्ले म्हणून मानवले असे नाही: सिक्लिड माशांच्या आहाराचा आढावा

सिक्लिड पाळायला घेतले की सगळ्यात आधी कानावर पडणारा सल्ला म्हणजे ‘खाद्य बदलून बदलून द्या’. सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धवट आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग कोणी सांगत नाही म्हणून अनेक मासे दगावतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांत गेले की फ्लेक, पेलेट, सुकवलेल्या ट्युबिफेक्सचे चौकोनी तुकडे, फ्रोझन ब्लडवर्म, आर्टेमिया, स्पिरुलिनाच्या गोळ्या असे सगळे एकाच फळीवर मांडलेले दिसते. वैविध्य म्हणजे यातली चार-सहा पाकिटे घरी आणून आलटून पालटून टाकीत टाकायची, असा सर्वसाधारण समज आहे. मासेही प्रत्येक पाकिटावर तुटून पडतात, त्यामुळे तो समज पक्का होतो. माझे म्हणणे असे की वैविध्य पाकिटांच्या संख्येवर मोजता येत नाही. ते त्या विशिष्ट माशाच्या जबड्याच्या आणि आतड्याच्या मर्यादेतच शोधावे लागते, आणि ती मर्यादा माशाच्या भुकेवरून कळत नाही. सिक्लिडच्या बाबतीत तर भूक हा सगळ्यात फसवा पुरावा आहे. त्याचे कारण या कुळाच्या घडणीतच आहे.

सिक्लिड कुळातल्या सतराशेहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे आणि अजून कितीतरी जाती नाव मिळण्याच्या प्रतीक्षेत आहेत. एकट्या टांगानिका सरोवरात सुमारे २४० जाती आहेत. मलावी आणि व्हिक्टोरिया सरोवरांतल्या जाती त्याहून कितीतरी अधिक. यातला कोणी खडकावरचे शेवाळ खरवडतो, कोणी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतो, कोणी गोगलगाईंचे कवच फोडतो, तर कोणी इतर माशांची अंडी-पिल्ले पळवतो. टांगानिकातला पेरिसोडस मायक्रोलेपिस केवळ दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून जगतो, आणि त्यासाठी त्याचे तोंड डावीकडे किंवा उजवीकडे वळलेले असते. मिचिओ होरी यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की या दोन प्रकारांचे प्रमाण त्या सरोवरात आलटून पालटून कमीजास्त होत समतोल राखते. एकाच कुळात खाण्याच्या इतक्या तऱ्हा कशा निपजल्या याचे एक महत्त्वाचे उत्तर कारेल लीम यांनी १९७३ मध्ये मांडले. सिक्लिडना तोंडातल्या जबड्याखेरीज घशात दुसरा, दातांचा, स्नायूंनी घट्ट जखडलेला जबडा असतो. चावण्याचे आणि भरडण्याचे काम घशाने उचलल्यामुळे तोंडाचा जबडा केवळ पकडण्यासाठी मोकळा झाला आणि हवी ती रूपे घेऊ शकला. टाकीतल्या माशाने पेलेट गिळल्यावरही काही क्षण त्याचा गळा हलताना दिसतो, ते हेच काम.

आता भुकेचा मुद्दा. याच लीम यांना पुढे एक विसंगती दिसली, आणि १९८० मध्ये त्यांनी ती मांडली. आज ती ‘लीमचा विरोधाभास’ म्हणून ओळखली जाते. एखाद्या विशिष्ट अन्नासाठी जबडा अत्यंत बारकाईने घडलेला मासा प्रत्यक्षात मिळेल ते दुसरे, सोपे अन्न आनंदाने खातो. मलावी सरोवरातल्या शेवाळ खरवडणाऱ्या दोन जातींचा अभ्यास करून केनेथ मॅके आणि मार्श यांनी १९८३ मध्ये दाखवले की पाण्यात दुसरे चांगले अन्न मुबलक झाले की हे ‘तज्ज्ञ’ मासे खडक सोडून त्याकडे वळतात. या कोड्याची उकल रॉबिन्सन आणि विल्सन यांनी १९९८ मध्ये सुचवली. खास घडलेला जबडा हा आवडीच्या अन्नासाठी नसतो. टंचाईच्या दिवसांत, जेव्हा दुसरे काही मिळत नाही, तेव्हा जे कठीण अन्न इतरांना जमत नाही ते मिळवण्यासाठी तो असतो. सुगीत सगळेच मऊ, पौष्टिक आणि सोपे ते खातात. मत्स्यालयाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. सरोवरात अशी सुगी थोडे दिवस येते आणि जाते. टाकीत ती वर्षभर चालते, रोज दोनदा. जो मासा निसर्गात दिवसभर खडक खरवडून थोडेथोडे मिळवतो, तोच टाकीत ब्लडवर्मवर झडप घालतो, कारण असे घबाड सोडायचे नाही हेच त्याची प्रवृत्ती त्याला सांगते. ‘मासे किती आवडीने खातात’ हे वाक्य म्हणून खाद्याच्या योग्यतेबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

खाण्याची लवचीकता तोंडात आहे. आतड्यात ती तितकी नाही. टांगानिकाच्या सिक्लिडांवरच्या २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात, आहार कोणता यावरून आतड्याची लांबी बऱ्यापैकी सांगता येते असे दिसले: शेवाळ खाणाऱ्यांची आतडी शरीराच्या अनेकपट लांब, तर मासे आणि किडे खाणाऱ्यांची आखूड. ट्रोफियस आणि पेट्रोक्रोमिस हे शौकिनांचे लाडके मासे पहिल्या गटातले आहेत. त्यांच्यातही फरक आहे. ट्रोफियस धाग्यासारखे शेवाळ तोडून खातो, तर पेट्रोक्रोमिस आपल्या लवचीक दातांनी खडकावरचे एकपेशीय शेवाळ विंचरून काढतो. असे अन्न तंतुमय, कमी उष्मांकाचे आणि हळूहळू पचणारे असते, आणि दिवसभर थोडेथोडे पोटात जात राहते. त्या आतड्यात एकदम मेदयुक्त, प्रथिनांनी गच्च भरलेला घास गेला तर काय होते, यावरून शौकिनांत ‘मलावी ब्लोट’ नावाच्या विकाराची चर्चा गेली कित्येक दशके चालू आहे. मासा खाणे सोडतो, पोट फुगते, विष्ठा पांढरी आणि दोरीसारखी होते, आणि बहुतेक वेळा काही दिवसांत मासा जातो.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. ब्लोटचे कारण खाद्यच आहे हे कोणी निर्विवादपणे सिद्ध केलेले नाही. आजारी माशांत स्पायरोन्यूक्लियस किंवा क्रिप्टोबियासारखे सूक्ष्म परजीवी सापडतात, आणि गर्दी, वाहतूक, भांडणे यांच्या ताणानंतरही हा विकार उद्भवतो. आक्षेप मान्य करायलाच हवा. ‘प्रथिने जास्त म्हणजे ब्लोट’ असे सरळ समीकरण मांडणे पुराव्याच्या पुढे जाणे आहे. पण परजीवी आणि आहार हे एकमेकांना वगळणारे पर्याय नाहीत. असे अनेक परजीवी धडधाकट दिसणाऱ्या माशांतही थोड्या प्रमाणात असतात, आणि पचनाची घडी बिघडली की त्यांना वाव मिळतो. खाद्य हा आपल्या हातातला सगळ्यात सोपा घटक आहे, तेव्हा कार्यकारणाचा शेवटचा दुवा हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र याच भीतीपोटी उलट टोकाला जाऊन म्बुनांना, म्हणजे मलावीच्या खडकांलगत राहणाऱ्या सिक्लिडना, शुद्ध शाकाहारी ठरवणेही चूकच. जेफ्री फ्रायर यांनी १९५९ मध्ये, मलावीला न्यासा सरोवर म्हणत त्या काळी, खडकाळ किनाऱ्यावरच्या माशांच्या आहाराचा जो तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून खडकावरचा तो हिरवट थर किती मिश्र असतो हे कळते. त्यात धाग्यांचे शेवाळ आहे, डायटम आहेत, जिवाणू आहेत, आणि त्यांत दडलेल्या कीटकांच्या अळ्या आणि सूक्ष्म कवचधारी जीवही आहेत. खरवडणारा मासा हे सगळे एकत्र गिळतो. ‘एकच गोष्ट खातो’ असे आपल्याला वाटणाऱ्या माशाच्या एका घासात कधीकधी आपल्या चार पाकिटांपेक्षा जास्त वैविध्य असते. म्बुनांसाठी योग्य वैविध्य म्हणजे वनस्पतिजन्य पायावर थोडे बारीक प्राणिजन्य अन्न: स्पिरुलिनाच्या पेलेटसोबत उकडलेला पालक, सोललेला मटार, आठवड्यातून एकदोनदा डॅफनिया किंवा आर्टेमिया.

वैविध्याचा विचार करताना आपण जवळजवळ नेहमी पोषकद्रव्यांचाच विचार करतो आणि अन्नाचा पोत विसरतो. पोताचा परिणाम किती खोल जातो हे हम्फ्री ग्रीनवुड यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते. व्हिक्टोरिया सरोवरातला अ‍ॅस्टॅटोरिओक्रोमिस अलुऑडी गोगलगाई फोडून खातो आणि त्याच्या घशातले हाड जाड, दात दाढांसारखे चपटे असतात. तोच मासा मत्स्यालयात मऊ खाद्यावर वाढवला तर ते हाड बारीक आणि दात किरकोळ राहतात. बिल्हार्झिया रोग पसरवणाऱ्या गोगलगाईंचा बंदोबस्त करण्यासाठी हा मासा आफ्रिकेत काही ठिकाणी मुद्दाम सोडण्यात आला, पण मऊ अन्न मिळू लागल्यावर गोगलगाईंचे काम त्याच्याकडून अपेक्षेप्रमाणे झाले नाही. पुढे १९८७ मध्ये अ‍ॅक्सेल मायर यांनी मध्य अमेरिकेतल्या मनाग्वा सिक्लिडच्या पिल्लांचे दोन गट वेगवेगळ्या खाद्यावर वाढवले. आठ महिन्यांत दोन्ही गटांच्या डोक्याची आणि जबड्याची ठेवण निराळी झाली, आणि नंतर सर्वांना एकच खाद्य दिल्यावर तो फरक बराचसा मिटला. वाढत्या वयातल्या माशाचे शरीर रोजच्या घासाप्रमाणे घडते, असा या प्रयोगांचा स्पष्ट सांगावा आहे. जन्मभर पाण्यात विरघळणारा मऊ फ्लेक खाऊन वाढलेला मासा जगेल, पण त्याच्या घशातला जबडा ज्या कामासाठी आहे ते काम त्याला कधी मिळणार नाही. कवच फोडणाऱ्या जातींना छोट्या गोगलगाई, कोलंबी सालासकट, खडक खरवडणाऱ्यांना शेवाळ धरलेले दगड, आणि जिओफेगससारख्या वाळू गाळणाऱ्यांना बारीक वाळूत बुडणारे बारीक दाणे देणे हा म्हणूनच आहाराचा भाग आहे, टाकीची सजावट नाही.

या सगळ्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: चांगल्या कंपनीचे ‘संपूर्ण’ पेलेट असताना एवढा खटाटोप कशाला? टिलापिया हाही सिक्लिडच आहे आणि जगभर कोट्यवधी टिलापिया केवळ पेलेटवर वाढतात. त्याच मत्स्यशेतीमुळे सिक्लिडच्या पोषणाचे आपल्याला सर्वांत भरवशाचे ज्ञान मिळाले आहे: पिल्लांना प्रथिने अधिक आणि मोठ्यांना कमी लागतात, थंड पाण्यातल्या माशांच्या उलट टिलापियाला ओमेगा-६ गटातली मेदाम्ले आवश्यक असतात, इत्यादी. या आक्षेपातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. विचारपूर्वक बनवलेले पेलेट हा आहाराचा पाया असावा. कुठून तरी आणलेल्या जिवंत अळ्यांच्या भरवशापेक्षा तो पाया कितीतरी सुरक्षित आहे. पण मत्स्यशेतीतला टिलापिया काही महिन्यांत बाजारात जातो. मत्स्यालयातला ऑस्कर सिक्लिड नीट सांभाळला तर दहा वर्षे आणि त्याहून जास्त जगतो. वेगाने वजन वाढवण्यासाठी जुळवलेले प्रमाण दहा वर्षांच्या यकृताला मानवेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय टिलापियाचे प्रमाण डिस्कससारख्या दुसऱ्या सिक्लिडला किंवा शेवाळखाऊ ट्रोफियसला जसेच्या तसे लागू पडते याचा पुरावा कोणाकडे आहे? आणि तिसरी गोष्ट, पाकिटावर छापलेले आणि माशाच्या पोटात पोचलेले यांत अंतर पडते. १९९८ मध्ये डेबोरा फ्राकालोसी आणि सहकाऱ्यांनी ऑस्करला ‘क’ जीवनसत्त्व आहारातूनच मिळावे लागते हे दाखवले. ते अजिबात न मिळालेल्या माशांची वाढ खुंटली, कल्ल्यांची झाकणे आणि जबडे वेडेवाकडे झाले, पाठीचा कणा वाकला, डोळ्यांत आणि परांत रक्तस्राव झाला. हे जीवनसत्त्व हवा, उष्णता आणि दमटपणाने नासते, आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे खाद्य भिजताच बाहेर पडू लागतात. स्वस्तात पडते म्हणून किलोचा डबा घेऊन वर्षभर मुंबईच्या दमट हवेत उघडझाप करत वापरणाऱ्याच्या टाकीत ‘संपूर्ण’ हा शब्द कागदावरच राहतो. लहान पाकीट, घट्ट झाकण, थंड जागा आणि दोन-तीन महिन्यांत संपवण्याचा नेम, एवढ्याने अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा वैविध्याने सुटतो, कारण एका खाद्यातली उणीव दुसरे भरून काढते.

डिस्कसचे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे परंपरा आणि निसर्ग यांची सरळ टक्कर आहे. डिस्कस पैदासकारांत अनेक वर्षे बैलाच्या हृदयाच्या मांसाचे मिश्रण हेच राजखाद्य मानले गेले, आणि त्यावर पिल्ले झपाट्याने वाढतात हे खरे आहे. या मिश्रणाचे समर्थक सांगतात की चरबी काढून टाकलेले हृदयाचे मांस हे स्वच्छ, कमी मेदाचे प्रथिन आहे. तेही खोटे नाही. पण हाताने काढून सगळी चरबी जात नाही, आणि सस्तन प्राण्याची जी चरबी उरते ती २८ ते ३० अंशांच्या पाण्यात घट्टच राहते. कॅल्शियम आणि तंतू त्या मांसात जवळजवळ नाहीतच. विल्यम क्रॅम्प्टन यांनी २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानातल्या रानटी डिस्कसविषयी जी निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत या माशाच्या आहारात बुडालेल्या फांद्यांवरचे शेवाळ, बारीक सेंद्रिय गाळ, वनस्पतींचे अंश आणि छोटे जलचर कीटक आढळले. ज्याला आपण मांसाहारी समजून वाढवतो तो मूळचा फांद्या टोकणारा मासा आहे. वाढीचा वेग हे आरोग्याचे माप धरले की हृदयाचे मांस जिंकते. पण तो वेग ही पैदासकाराची गरज आहे, माशाची नव्हे. माझ्या मते मोठ्या झालेल्या डिस्कसला या मिश्रणाची काही गरज उरत नाही. कोलंबी, पालक, मटार आणि स्पिरुलिना अगर-अगर किंवा जिलेटिनमध्ये बांधून केलेल्या वड्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. त्या पाणीही कमी खराब करतात. पिल्लांचा प्रश्न वेगळा: डिस्कसची पिल्ले सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म खाऊन वाढतात, आणि त्या दिवसांत आईबापांना काय मिळते यावर पिल्लांचे भवितव्य ठरते.

जिवंत खाद्याबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण इथे पुरावा बराच एकतर्फी आहे. ऑस्करला किंवा फ्लॉवरहॉर्नला छोटे गोल्डफिश खाऊ घालणे ‘नैसर्गिक’ म्हणवून घेते, पण गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज असते, जे ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते. तेच नेहमी दिले तर मासा त्या जीवनसत्त्वाला मुकतो. शिवाय गर्दीत, आजारी अवस्थेत विकल्या जाणाऱ्या या माशांबरोबर परजीवीही घरात येतात. गटारालगतच्या गाळातून काढलेल्या ट्युबिफेक्सचेही तसेच: जड धातू आणि जिवाणू यांची तिथे खाण असते, आणि दोन दिवस वाहत्या पाण्यात धुतल्याने पोटातला गाळ निघतो, ऊतकांत साठलेले धातू निघत नाहीत. डासांच्या अळ्या मात्र उत्तम खाद्य आहेत, फक्त त्या घरी पैदा करू नयेत. डेंग्यूच्या दिवसांत साचलेल्या पाण्यावरून महापालिका नोटिसा देते ते योग्यच आहे. कोकणात सहज मिळणारा सुका जवळा कवचासकट असल्याने कीटकभक्षी जातींना चांगला, अट एवढीच की तो खारवलेला नसावा. रंग वाढवणाऱ्या खाद्याबद्दल एकच: मासे कॅरोटिनॉइड स्वतः बनवू शकत नाहीत, त्यामुळे अ‍ॅस्टाझँथिन आहारातून द्यावेच लागते, आणि कोलंबी-जवळ्यातून ते मिळते. फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरचा उंचवटा फुगवण्याची हमी देणारी पाकिटे मात्र माशाच्या आरोग्याशी संबंध नसलेल्या हौसेवर चालतात.

शेवटचा अडथळा व्यवहारातला आहे. दुकानात ‘आफ्रिकन मिक्स’ म्हणून एकाच पिशवीत म्बुना, पीकॉक आणि मोठे शिकारी हॅपलोक्रोमिस दिले जातात. पीकॉक वाळूतल्या किड्यांची हालचाल डोक्यावरच्या मोठ्या छिद्रांनी टिपून शिकार करतो. त्याला जे मानवते ते शेजारच्या शेवाळखाऊला जड जाते. अशा टाकीत प्रत्येकाला वेगळे वाढणे जवळजवळ अशक्य, असा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. म्हणून खाद्याचा निर्णय मासे विकत घेतानाच होतो; आहार जुळणाऱ्या जाती एकत्र ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. तो हुकलाच असेल तर सर्वांत नाजूक आतड्याच्या माशाकडे पाहून पाया ठरवावा, कारण पीकॉकला थोड्या शेवाळाने अपाय होत नाही. वैविध्य वेळेतही असते हे विसरले जाते. खरवडणाऱ्यांना दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभर, मोठ्या शिकाऱ्यांना दिवसाआड पोटभर, आणि प्रौढ माशांना आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. खाद्य बदलल्याने पाणी बिघडते, ही तक्रार बहुधा प्रमाणाची असते, वैविध्याची नव्हे: जादा प्रथिनांतला नायट्रोजन मासे कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून टाकतात, मग ते प्रथिन एका पाकिटातले असो की पाचांतले.

हा सगळा ऊहापोह मुख्यतः आफ्रिका आणि अ‍ॅमेझॉनच्या माशांवर झाला, कारण बहुतेक अभ्यास तिथे झाला. पण सिक्लिड आपल्या किनाऱ्यावरही आहेत. कोकण-गोव्यात कालुंदर आणि केरळात करिमीन म्हणून खाल्ला जाणारा, २०१० मध्ये केरळचा राज्यमासा घोषित झालेला एट्रोप्लस सुरतेन्सिस हा अस्सल भारतीय सिक्लिड. त्याचा छोटा नारिंगी भाऊबंद मत्स्यालयांत जगभर पाळला जातो, आणि तिसरा, एट्रोप्लस कॅनरेन्सिस, कर्नाटकाच्या नद्यांत आढळतो. कालुंदर धाग्यांचे शेवाळ, पाणवनस्पती, गाळ, कीटकांच्या अळ्या आणि बारीक शिंपले असे सगळे खातो. नारिंगी जातीची पिल्ले डिस्कससारखीच आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म टिपतात, आणि हीच जात कालुंदराची अंडी-पिल्ले खाते व त्याच्या अंगावरचे परजीवीही साफ करते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्थेने कालुंदराच्या बीजनिर्मितीवर आणि पालनावर काम केले आहे, पण ते मुख्यतः मत्स्यशेतीच्या अंगाने. मत्स्यालयात पाळण्यासाठी कालुंदराइतका सोयीचा आणि आपल्या हवामानाला सरावलेला सिक्लिड दुसरा नाही. तरी पाळणारा त्याला ‘आफ्रिकन सिक्लिड’ असे छापलेले पेलेट घालतो आणि खाडीतल्या खडकावरच्या ज्या हिरव्या शेवाळावर हा मासा वाढला, तसलेच शेवाळ टाकीच्या काचेवरून खरडून फेकून देतो. एका काचेवरचे शेवाळ तसेच राहू द्यावे, त्यात उकडलेला पालक, अधूनमधून डासांच्या अळ्या आणि ठेचलेली छोटी गोगलगाय यांची भर घालावी. पेलेट उरलेल्या दिवसांसाठी आहेच.